कारण सांगत नाहीत, वेळ मात्र लिहितात

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या कोकणी मुसलमान मंडळींत 'शेड्यूल सेव्हन' (इथल्या दहशतवादविरोधी कायद्यातलं सातवं परिशिष्ट) हा शब्द लग्नाच्या पंगतीतही कानावर पडतो. कुणाच्या भाच्याला विमानतळावर बसवून ठेवलं होतं, कुणाच्या दिराचा लॅपटॉप काढून घेतला होता. बोलणं तेवढ्यावरच थांबतं. ज्याच्यावर ती वेळ आली तो पुढचं सांगत नाही, कारण सांगितलं की समोरच्याच्या मनात 'याने काहीतरी केलं असेल' हा किडा वळवळायला लागतो. मीही बरेच महिने गप्प होतो. पण आत काय काय होतं, कुठल्या क्रमाने होतं आणि त्यातलं कायद्याने काय व्हायलाच हवं, हे मराठीत कुणीतरी नीट लिहायला हवं असं वाटलं, म्हणून बसलो.

खेडला पुतणीचं लग्न होतं. ते उरकून मुंबईहून निघालो, इस्तंबूलला विमान बदललं आणि संध्याकाळी इंग्लंडात उतरलो. विमानतळाचं नाव सांगत नाही. पासपोर्ट ब्रिटिश, त्यामुळे ई-गेटला पाच सेकंदांत हिरवा दिवा. दार उघडून पलीकडे पाऊल टाकलं आणि साध्या कपड्यांतली दोन माणसं पुढे आली, एक बाई, एक बुवा. गळ्यात ओळखपत्रं. "सर, एक मिनिट."

पहिले प्रश्न कुणीही विचारावेत असे होते. कुठून आलात, किती दिवस होतात, इस्तंबूलला विमानतळाबाहेर पडलात का, घरी कोण असतं. मला वाटलं कस्टमवाले असतील. पिशवीत सोडे होते, त्यामुळे मनातल्या मनात 'मासे चालतात, मांस आणि दूध चालत नाही' ही उजळणी चालू होती. एवढ्यात बाईंनी पासपोर्ट हातातच ठेवून शांतपणे सांगितलं, की टेररिझम ॲक्ट 2000 च्या शेड्यूल सात खाली आम्ही तुमची चौकशी करत आहोत. मागून येणारं एक जोडपं ते ऐकून क्षणभर थबकलं आणि आम्हाला वळसा घालून गेलं. त्या वळशाचा राग मला चौकशीपेक्षा जास्त दिवस पुरला.

तिथेच एक छापील कागद हातात दिला. त्याला टॅक्ट वन म्हणतात. तुम्हाला अटक झालेली नाही, तुम्हाला थांबवलं याचा अर्थ तुमच्यावर संशय आहेच असा नाही, मात्र विचारलेली माहिती देणं तुम्हाला बंधनकारक आहे, असा त्यातला मतलब. मी तो दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडकलो. अटक नाही, पण उठून जाता येत नाही. संशय नाही, पण गप्प बसायचा हक्कही नाही. मुद्दाम उत्तर टाळलं तर तो स्वतंत्र गुन्हा, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

इथे कायद्याचा गाभा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंग्लंडात रस्त्यावर पोलिसाने एरवी तुमची झडती घ्यायची तर त्याच्याकडे सहसा तुमच्याविषयी संशयाला काही वाजवी आधार लागतो. बंदर, विमानतळ, आंतरराष्ट्रीय रेल्वे स्टेशन इथे शेड्यूल सात लावलं की तो आधार लागत नाही. दहशतवादी कृत्य करणं, त्याची तयारी करणं किंवा त्याला चिथावणी देणं यात हा माणूस गुंतलेला दिसतो का, एवढं ठरवण्यासाठी अधिकारी कुणालाही थांबवू शकतो. उत्तर आयर्लंडमध्ये तर जमिनीवरच्या सीमेपासून एक मैलापर्यंत हे चालतं. आणि 'कुणालाही' याला लगाम काय, तर गृहखात्याची एक नियमावली आहे, कोड ऑफ प्रॅक्टिस. सरकारी वेबसाइटवर फुकट मिळते. वंश, वर्ण, धर्म एवढ्याच आधारावर कुणाला निवडायचं नाही, असं तीत स्पष्ट लिहिलंय. निवड कशावरून करायची, तर दहशतवादाचे माहीत असलेले स्रोत, संघटना कुठे कार्यरत आहेत, प्रवासाचे मार्ग आणि त्यांतले बदल, माणसाची वागणूक, दुसऱ्या यंत्रणेने दिलेली खबर अशा गोष्टींवरून. यातली कुठली गोष्ट माझ्या वाट्याला आली ते मला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही, नंतरही नाही. सांगायचं बंधन त्यांच्यावर नाही.

खोली लहान, खिडकी नसलेली. टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर गोल घड्याळ. बुवांनी वहीत पहिली ओळ लिहिली ती वेळेची: सहा वाजून बारा मिनिटं. तेव्हा मला त्याचं महत्त्व कळलं नाही.

आधी सामान. झडती नीटच घेतली, ते मान्य करायला हवं. अंगाची झडती पुरुष अधिकाऱ्याने घेतली, वरवर, कपड्यांवरून. झडती घेणारा तुमच्याच लिंगाचा असायला हवा हा नियम आहे. कपडे उतरवून झडती घ्यायची असेल तर मात्र संशयाला वाजवी कारण लागतं आणि वरिष्ठाची मंजुरीही. तसं काही झालं नाही. बॅगेतून लग्नाच्या साड्यांचे खोके निघाले, आमसुलं निघाली, फणसपोळीची गुंडाळी निघाली. बुवांनी हातमोजे घालून सोड्यांचं पाकीट उचललं. वहिनीने त्याला तीन पिशव्यांत बांधून वर चिकटपट्टी लावली होती. त्यांनी एकेक पिशवी सोडवली आणि तिसरी उघडताच खोलीभर तो वास सुटला. बाईंनी लिहिताना हात थांबवला, नाकपुड्या आक्रसल्या आणि काही न बोलता पुन्हा लिहायला लागल्या. बुवांनी आत बोट घालून सोडे चाचपले, पाकीट तसंच गाठ मारून ठेवलं आणि पुढचा सगळा वेळ ते हातमोजे त्यांच्यासमोर टेबलावर पडून होते. त्या संध्याकाळी मला हसू आलं ते तेवढंच.

मग फोन. फोन द्या आणि पिन सांगा. माझा हात आखडला. फोनमध्ये लपवण्यासारखं काही नव्हतं, पण बायकोचे फोटो होते, भावाभावांच्या जमिनीच्या भांडणाचे लांबलचक मेसेज होते, हिच्या आजारपणाचे रिपोर्ट होते. नाही म्हणता येतं का, असं विचारलं. येतं, पण तो गुन्हा ठरू शकतो, असं उत्तर मिळालं. ते खरंच आहे. दहशतवादविरोधी कायद्यांच्या कचाट्यात सापडलेल्यांची बाजू मांडणाऱ्या केज या संस्थेचे मुहम्मद रब्बानी यांनी हीथ्रोवर पासवर्ड द्यायला नकार दिला होता आणि 2017 मध्ये त्यांना त्याबद्दल दोषी ठरवलं गेलं. मला तेव्हा हे नाव ठाऊक नव्हतं. मी पिन लिहून दिला. पारदर्शक पिशवीत घालून फोन टेबलावर ठेवला, तेवढ्यात तो थरथरायला लागला. पडद्यावर 'अम्मी'. पोचलास का रे, एवढंच विचारायला. तिघंही त्या पिशवीकडे बघत बसलो. वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. मग बाईंनी तो बाहेर नेला.

प्रश्नांची तऱ्हा सांगतो, कारण लोक तेच विचारतात. नोकरी, पगार, घराचं कर्ज. लग्नात कोण कोण आलं होतं. आखाती देशांत नातेवाईक कोण, काय करतात. (रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे कामच वाढवून घेणं. मी सांगत सुटलो, त्यांचं पान भरलं, मग म्हणाले पुरे.) कुठल्या मशिदीत जाता, नियमित जाता का. जकात कुणाला देता, कुठल्या संस्थेमार्फत. सीरियाबद्दल काय वाटतं. या शेवटच्या प्रश्नावर मी म्हटलं, बातम्यांत बघतो तेवढंच वाटतं. आवाज त्यांनी एकदाही चढवला नाही. अपमान असा कुठल्या एका वाक्यात नव्हता, सगळं मिळून होता. आपण कुठे देव मानतो आणि कुणाला पैसे देतो हे परक्या माणसाला वेळ टिपत सांगावं लागतं, यात.

सात वाजायला थोडा वेळ होता तेव्हा बुवांनी घड्याळाकडे पाहिलं, बाहेर गेले, परत आले आणि म्हणाले, आता आम्ही तुम्हाला ताब्यात घेत आहोत. माझ्या घशाला कोरड पडली. आत्तापर्यंत सगळं ठीक चाललंय असं वाटत होतं आणि एकदम हे. मला वाटलं फोनमध्ये काहीतरी सापडलं.

तसं काही नव्हतं. नियम असा आहे की पहिल्या प्रश्नापासून एका तासाच्या आत त्यांना ठरवावं लागतं: सोडायचं किंवा ताब्यात घ्यायचं. ताब्यात न घेता तासापलीकडे प्रश्न विचारता येत नाहीत. सगळं मिळून कमाल मर्यादा सहा तास. आधी ती नऊ होती, 2014 च्या कायद्याने सहा केली. त्याआधीच्या वर्षी, ऑगस्ट 2013 मध्ये, डेव्हिड मिरांडा यांना हीथ्रोवर नऊच्या नऊ तास बसवलं होतं. त्यांचे जोडीदार ग्लेन ग्रीनवाल्ड हे अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची कागदपत्रं बाहेर काढणाऱ्या एडवर्ड स्नोडेनच्या त्या कागदपत्रांवर लिहिणारे पत्रकार. पुढे 2016 मध्ये अपील न्यायालयाने पत्रकारांच्या साहित्याला या अधिकारात पुरेसं संरक्षण नाही, असा निर्णय दिला.

तर 'ताब्यात' हा शब्द ऐकून धडकी भरते, पण हक्क तिथूनच सुरू होतात. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. दुसरा कागद आला, टॅक्ट टू. आपण ताब्यात आहोत हे घरच्या एका माणसाला कळवायचा हक्क. वकिलाशी खासगीत बोलायचा हक्क, आणि तो मागितला की बोलणं होईपर्यंत सहसा प्रश्न थांबवावे लागतात. मी दोन्ही मागितले. बाईंनी हे सगळं इतक्या सपाट आवाजात वाचून दाखवलं की घाईत असलेला माणूस 'नको, नको, लवकर संपवू' म्हणून मोकळा होईल. बहुतेक जण तसंच म्हणत असावेत, असा माझा अंदाज.

बायकोला त्यांनीच फोन केला. ती बाहेर गाडी घेऊन उभी होती आणि विमान उतरून दीड तास झाला तरी माणूस बाहेर येत नाही म्हणून तिचा जीव टांगणीला. नंतर तिने सांगितलं, "त्या बाईने टेररिझम म्हटल्यावर मी पहिल्यांदा पार्किंगचे पैसे भरायला गेले. काय करावं सुचेना."

सॉलिसिटरचा फोन जोडून दिला आणि दोघंही खोलीबाहेर गेले. फोनवरची बाई भराभरा बोलत होती. खरं बोला, अंदाज ठोकू नका, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. इथे दिलेली उत्तरं फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून सहसा वापरता येत नाहीत. 2019 च्या कायद्यात तसं कलम घातलंय, काही अपवाद सोडून. ठसे आणि लाळेचा नमुना मागतील. तुम्ही नाही म्हणू शकता, पण मग पोलीस ठाण्यात नेऊन वरिष्ठाच्या हुकमाने घेऊ शकतात. आणि रिव्ह्यू ऑफिसर येईल, त्याच्याशी बोलायची संधी सोडू नका.

हा रिव्ह्यू ऑफिसर म्हणजे चौकशीत थेट सहभाग नसलेला अधिकारी. ताब्यात घेतल्यापासून तासाभरात एकदा आणि मग जास्तीत जास्त दोन-दोन तासांनी त्याने बघायचं, की ताबा अजून गरजेचा आहे का आणि चौकशी रेंगाळत तर नाही ना. ताब्यातल्या माणसाला किंवा त्याच्या वकिलाला त्याच्यासमोर म्हणणं मांडता येतं. माझ्याकडे आलेले गृहस्थ पांढऱ्या केसांचे होते, हातात कॉफी. मी म्हटलं, माझ्या सगळ्या उत्तरांचे पुरावे फोनमध्ये आहेत, फोन तुमच्याकडे आहे, मला इथे बसवून नवीन काय मिळणार? ते लिहून घेतलं. "नोटेड," म्हणाले. ताबा चालू ठेवला. पण त्यानंतर खोलीतला वेग बदलला हे नक्की. प्रश्नांत पुन्हा पुन्हा लग्नाच्या पाहुण्यांवर येणं थांबलं.

ठसे दिले, गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना दिला. आधी कधी शिक्षा झालेली नसेल तर हे साधारण सहा महिने ठेवतात, राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने वाढवायचं ठरलं तर जास्त. साडेनऊच्या सुमारास सोडलं. 'सोडण्याची वेळ' असा रकाना होता, तोही भरला. फोन ठेवून घेतला, त्याची पावती दिली. तपासणीसाठी सात दिवसांपर्यंत वस्तू ठेवता येते, माहितीची प्रतही काढता येते. फोन मुदतीत आला, कुरिअरने. बुवांनी माझी बॅग ट्रॉलीवर चढवून दिली आणि "सेफ जर्नी होम" म्हणाले.

ऑफिसात हे मी फक्त एकाला सांगितलं. आयरिश, निवृत्तीला आलेला सहकारी. तो चमकला नाही. तरुणपणी वेल्समधल्या होलीहेड बंदराच्या धक्क्यावर बोटीतून उतरलं की त्याला बाजूला घ्यायचे, म्हणाला. आत्याचा पत्ता विचारायचे, कशाला आलास विचारायचे, कार्ड भरून घ्यायचे. नोव्हेंबर 1974 मध्ये बर्मिंगहॅमच्या पबांत आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचे बॉम्ब फुटून 21 माणसं मेली, त्यानंतर काही दिवसांत संसदेने दहशतवाद प्रतिबंधक कायदा केला. नावातच 'तात्पुरत्या तरतुदी' असं होतं. ती तात्पुरती व्यवस्था या ना त्या रूपात 2000 चा कायदा येईपर्यंत टिकली आणि बंदरांवरचा हा अधिकार तिच्यातूनच शेड्यूल सातमध्ये उतरला. "तेव्हा आमचा उच्चार ऐकून थांबवायचे," तो म्हणाला. "आता माझा नातू तिथूनच जातो, कुणी बघतही नाही." मला त्याच्या बोलण्याने बरं वाटलं की वाईट, अजून ठरवता आलेलं नाही.

मग नियमावली वाचून काढली आणि न्यायालयांचे निकालही. सिल्वी बेगाल या फ्रेंच बाईंना 2011 मध्ये ईस्ट मिडलंड्स विमानतळावर थांबवलं होतं, त्यांनी उत्तरं दिली नाहीत म्हणून खटला झाला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सरकारची बाजू उचलून धरली. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2019 मध्ये उलट सांगितलं: त्या वेळी जसा कायदा होता त्यात मनमानीविरुद्ध पुरेसे अडसर नव्हते, खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग झाला. पण संशयाची अट नसणं एवढ्यानेच कायदा बेकायदा ठरतो असं तेही म्हणालं नाही. हे माझ्यासारख्याला पचायला जड जातं.

आकड्यांत फरक पडला आहे, हेही खरं. 2011-12 मध्ये वर्षाला साठ हजारांहून जास्त लोकांची अशी चौकशी झाली होती. अलीकडे आकडा काही हजारांवर आला आहे. आणि यात सगळे आमच्यासारखेच असतात असंही नाही. एप्रिल 2023 मध्ये एर्नेस्त मोरे हा फ्रेंच प्रकाशक लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनवर याच अधिकाराखाली थांबवला गेला, फ्रान्समधल्या निदर्शनांवरून. या कायद्यांचे स्वतंत्र परीक्षक जोनाथन हॉल यांनी ते तपासलं आणि दहशतवादविरोधी अधिकार अशा कामासाठी नाहीतच, असा अहवाल दिला.

मी त्या पोलीस दलाकडे तक्रार केली. अर्जात एकच विचारलं, मला का निवडलं. दोन महिन्यांनी पत्र आलं. चौकशी किती वाजता सुरू झाली, ताबा किती वाजता, रिव्ह्यू किती वाजता, सुटका किती वाजता, हे मिनिटांनिशी. सगळं नियमावलीप्रमाणे झालं, असा निष्कर्ष. निवडीच्या कारणाबद्दल ताकास तूर नाही, सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही. मला त्यातली प्रत्येक वेळ बरोबर वाटली, माझ्या आठवणीशी जुळली. या कायद्याचा ढाचाच तसा आहे. सुरुवातीच्या दारावर अडसर जवळजवळ नाही, आतल्या प्रत्येक दारावर मात्र घड्याळ लावलंय. ती घड्याळं खोटी नाहीत. नऊ तासांचे सहा झाले, तासाला निर्णय घ्यावा लागतो, त्रयस्थ अधिकारी येतो, हे कुणीतरी कोर्टात भांडल्यामुळे आणि संसदेत रेटल्यामुळे झालंय, आणि मी त्यामुळेच साडेनऊला घरी निघू शकलो. पण 'मीच का' याचं उत्तर कुठल्याच रकान्यात मावत नाही, आणि ते उत्तर तपासणारं माझ्या बाजूचं कुणी त्या खोलीत नसतं.

इथून प्रवास करणाऱ्या आपल्या लोकांसाठी दोन-चार गोष्टी. घरच्यांचा आणि एखाद्या सॉलिसिटरचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण फोन पहिल्यांदा जातो आणि आजकाल कुणाला नंबर पाठ नसतो. दिलेले दोन्ही कागद आणि वस्तूंची पावती जपून ठेवा, तक्रारीला ती लागतात. ताब्यात घेतलं म्हणून हादरू नका, वकील मागा, नुसता फोनवर मिळाला तरी. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागा. आई-वडील पहिल्यांदा येत असतील तर त्यांना हे निघण्याआधी समजावून सांगा. आणि वेळ तुम्हीही बघत राहा. त्यांची तक्रार करायची असेल तर आधी त्याच पोलीस दलाकडे करावी लागते. तिथलं उत्तर पटलं नाही तर पुढची दाद कुणाकडे मागायची ते त्या उत्तरातच लिहिलेलं असतं. माझा तो पुढचा अर्ज लिहून तयार आहे, या आठवड्यात टाकतोय.